आधी सही, मग चहा

ज्या गोष्टीचा कागद नाही ती गोष्ट घडलीच नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबानं तो नेमका माझ्या घरासमोर राहत होता. लंडनजवळच्या वॉटफर्डमधली आमची गल्ली म्हणजे एकाला एक चिकटून उभी असलेली लाल विटांची पंचवीस-तीस घरं. त्यातल्या हिरव्या दाराच्या घरात समोरचे काका. नातं काही नाही. मी पुण्याची, ते मिरजेचे. मी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आणि ते त्याच इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेले. त्यांच्या वेळी आपल्याकडून इथे आलेली माणसं बहुतेक सगळी डॉक्टर. काका त्या गोतावळ्यात एकटे बिनडॉक्टर, पण त्याची खंत त्यांना तसूभरही नव्हती. म्हणायचे, "डॉक्टर पेशंट बघतो हे खरं, पण फाइलच सापडली नाही तर कुठला पेशंट बघणार? शेजारच्या कॉटवरचा?" घरात ते एकटेच. काकू मी या गल्लीत यायच्या आधीच गेलेल्या. पुढच्या खोलीत त्यांचा एक हसरा फोटो होता, स्वेटरवर पदर घेतलेला. त्याला हार नव्हता, आणि हार का नाही हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

त्यांच्या सवयी सांगायला बसले तर मलाच एक फाइल लागेल. काळ्या शाईचं बॉलपेन ते दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधून ठेवायचे, कारण "माणसं देवाशप्पथ परत करीन म्हणून पेन नेतात आणि देवाला फसवतात." आलेलं पाकीट लोण्याच्या सुरीनं उघडायचं, त्याच्या पाठीवर मिळाल्याची तारीख घालायची आणि पाकीट कधी म्हणून टाकायचं नाही, कारण पत्र काय, कुणीही टाइप करील, शिक्का पाकिटावर असतो. कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत दहा-दहा पेन्सची नाणी साठवून ते दर मंगळवारी लायब्ररीत फोटोकॉपीच्या यंत्राकडे जायचे, आणि तिथली बाई त्यांना बघितलं की आधी ट्रेमध्ये नवे कागद भरायची. पोस्टात टाकलेल्या प्रत्येक पत्राची पोच खिडकीवरून शिक्का मारून घेणार. बहिणीला पाठवलेल्या राखीच्या उत्तराचीसुद्धा! एकदा मी त्यांना वाटीभर शिरा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती चिठ्ठीसकट: "एक स्टीलची वाटी, झाकणासह, सुस्थितीत परत." खाली माझ्या सहीसाठी रेघ. मी हसले, तर ते हसले नाहीत. सही करून दिली तेव्हाच वाटी हातात आली. तेव्हा पुण्याहून आईनं फोनवर विचारलं, "शेजार कसा आहे गं?" मी म्हटलं, "चांगला आहे. सही घेतो."

दर रविवारी दहा ते बारा त्यांच्याकडे दवाखान्यासारखी रांग असायची. कुणाचा पेन्शनचा फॉर्म, कुणाचा शाळाप्रवेशाचा, कुणाचा पासपोर्टचा. भलेभले सर्जन, जे वॉर्डात कुणाला उभं करायचे नाहीत, ते काकांसमोर मांडीवर पिशवी धरून निमूट बसायचे, आणि काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, जन्मतारखेच्या चौकोनात आजची तारीख घातलीत. अभिनंदन, आजच जन्मलात." कुठल्या ऑफिसला फोन लावायचा असला की स्पीकर चालू करून ठेवायचे आणि ती होल्डवरची पिपाणी वाजत असताना मेथी निवडायला घ्यायचे. एका गॅस कंपनीच्या होल्डमध्ये अख्खी जुडी निवडून झाली होती. या दवाखान्याचा नियम एकच: आधी सही, मग चहा. पूर्वी म्हणे कुणाच्या तरी नागरिकत्वाच्या अर्जावर चहा सांडला होता, तेव्हापासून. आलं ठेचून केलेला त्यांचा चहा इतका फक्कड असायचा की माणसं न वाचता सह्या करायला टेकायची, आणि मग त्याबद्दल वेगळी बोलणी खायची.

मी मात्र या सगळ्यापासून चार हात लांब होते. माझा कागदांशी संबंध म्हणजे बिल आलं की भरायचं आणि ड्रॉवरमध्ये कोंबायचं. पण दोन हजार चार साली माझं लग्न झालं आणि नवरा, हेमंत, माझ्या घरी राहायला आला. नीट लक्षात घ्या, मी सासरी गेले नाही, तो माझ्या घरी आला. घर माझं, गहाणखत माझं, गॅस-वीज-पाणी सगळं माझ्या नावावर. त्याच्या नावावर दोन बॅगा आणि पासपोर्टावर दोन वर्षांचा व्हिसा. त्या दोन वर्षांच्या शेवटी आम्ही खरोखर एका छपराखाली नांदलो हे सरकारला कागदोपत्री दाखवायचं, मग त्याला कायमचं राहू देणार. नाही दाखवता आलं तर बॅगा उचला. हे मला ठाऊक होतं, पण दोन वर्षं म्हणजे काय, पुष्कळ वेळ आहे, असं माझं चाललं होतं.

त्यातून तो आला नेमका पितृपक्षात. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. सासूबाईंचा फोनवरून हुकूम: "पितृपक्षात नव्या घरात प्रवेश नको. दसऱ्याला माप ओलांडून आत ये. तोवर आला नाहीस असंच समजायचं." आता विमानतळावरून आलेला माणूस तीन आठवडे ठेवायचा कुठे? तर तो घरातच राहिला, फक्त आला नव्हता. जेवत होता, झोपत होता, माझ्या बाथरूममध्ये तास तास गात होता, पण आला नव्हता. पहिल्याच रविवारी काकांनी मला रस्त्यात गाठलं.

"कौन्सिलला कळवलंस?"

"काय?"

"अगं, तू एकटी राहतेस म्हणून कौन्सिल टॅक्समध्ये तुला पाव भाग सूट आहे ना? आता दोघं झालात. सूट गेली. लगेच कळवायचं असतं."

कौन्सिल टॅक्स म्हणजे इथल्या नगरपालिकेची घरपट्टी. सूट सोडायची हे मला झेपत नव्हतं, त्यात हेमंतला नोकरी नाही. मी म्हटलं, "काका, अजून तो आलाच नाहीये."

"आला नाही? मग रोज सकाळी खिडकीत उभा राहून दात घासतो तो कोण?"

मी पितृपक्षाचं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. नुसतं "हं" म्हणाले आणि खिशातली छोटी वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. त्यांचं ते "हं" ऐकलं की आपण कुठेतरी चुकलोय एवढं कळायचं, कुठे ते कळायचं नाही.

दसऱ्याला आम्ही विधिवत गृहप्रवेश केला. मापाऐवजी कॉफीचा मोठा मग, त्यात बासमती. माप नवरीनं ओलांडायचं असतं, पण इथे आत येणारा तो, म्हणून हेमंतला कुडता घालून बाहेर फुटपाथवर उभा केला. त्यानं असा काही पाय मारला की मग बैठकीच्या दारापर्यंत गेला आणि तांदूळ पुढं दिवाळीपर्यंत सापडत होते. समोरून काका बघत होते, त्यांनी हात जोडून नमस्कार केला. मला इतकं प्रसन्न वाटलं की त्याच दुपारी मी कौन्सिलचा फॉर्म भरून टाकला. "जोडीदार राहायला आल्याची तारीख" या रकान्यात मी दसऱ्याची तारीख घातली. गंमत म्हणजे फसवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. सासूबाई म्हणाल्या आज आला, कुंकू लावलं आज, तर आजच आला की! पोस्टात टाकून मग मी मोठ्या ऐटीत काकांना सांगायला गेले.

काका मटकन खुर्चीत बसले. "तारीख कुठली घातलीस?" मी सांगितली. "आणि पासपोर्टावर विमानतळाचा शिक्का कधीचा?" मी तेही सांगितलं. "म्हणजे मधले तेवीस दिवस जावईबापू होते कुठे? हवेत?"

"काका, पण पितृपक्ष..."

"कौन्सिलला पितृपक्ष नसतो!" एरवी काका आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशी काचेच्या कपाटातले कप वाजले. "दोन वर्षांनी एक साहेब हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवील आणि विचारील, बाई, नवरा आला तेव्हा तुमच्याकडे आला नाही, तर कुणाकडे गेला होता? काय सांगशील त्याला? सासूबाईंचा फोन लावून देशील? तारीख म्हणजे तारीख. ती खरी असते नाहीतर खोटी असते, शुभ-अशुभ नसते."

मग बसले दुरुस्तीचं पत्र सांगायला. तीन कच्चे खर्डे झाले. पहिल्यात मी "आमच्या धार्मिक रीतीनुसार" असं लिहिलं होतं, ते त्यांनी काट मारून उडवलं. "त्यांना पुराण नको, तारीख दे." चौथ्यांदा पत्र जमलं तेव्हा कुठे चहा मिळाला. दोन आठवड्यांनी कौन्सिलचं उत्तर आलं, दुरुस्त तारीख घालून, नव्या बिलासकट, आणि पाकिटावर आम्हा दोघांची नावं, मिस्टर अँड मिसेस करून. सूट गेली ती गेलीच, वर तेवीस दिवसांचे पैसे जास्तीचे. मी फणकारत ते पाकीट काकांपुढं टाकलं. त्यांनी मात्र ते दोन्ही हातांनी उचललं, उजेडाकडे धरलं, आणि असे हसले की जसं काही घरात बाळ जन्मलं. "एक पत्ता, दोन नावं," ते म्हणाले. "याला म्हणतात संसार. बाकी सगळं तोंडी."

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी आम्हाला हाकललं म्हणा ना. हेमंतला बँकेत खातं काढायचं तर पत्त्याचा पुरावा हवा, पत्त्याचा पुरावा मिळवायचा तर खातं हवं. ही भिंगरी फिरवल्यासारखी गोल गोल भानगड त्या कौन्सिलच्या पत्रामुळेच सुटली. मग दवाखान्यात नाव, मग घराच्या विम्यात त्याचं नाव, मग मतदारयादीत. हेमंत कुरकुरायचा, "काका, मला लायब्ररीचं कार्ड कशाला? मी वाचत नाही." काका म्हणायचे, "वाचू नका जावईबापू, फक्त पत्र येऊ द्या." नवीन काही आलं की काका ते "जरा दाखल करून घेतो" म्हणून न्यायचे आणि पुढच्या रविवारी प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत द्यायचे. मी पिशवी न उघडता ड्रॉवरमध्ये टाकायची. माझ्या त्या ड्रॉवरकडे बघून त्यांनी एकदा असा सुस्कारा सोडला होता की मला कूस बदलून झोपावंसं वाटलं.

आणि मग मी जी करणी केली, ती आपल्याकडचीच बाई करू जाणे. दुसऱ्या दिवाळीच्या आधी मला साफसफाईचा झटका आला. फराळाला चकली नाही तरी चालेल, पण कोपरा न् कोपरा निघाला पाहिजे हे आईनं अंगात भिनवलेलं. माळा आवरला, गाद्या उन्हात, म्हणजे जे काय ऊन होतं त्यात टाकल्या, आणि ड्रॉवर उपडा करून सगळे जुने कागद कौन्सिलनं रद्दीसाठी दिलेल्या पेटीत भरून ती फुटपाथवर ठेवली. पहिल्या वर्षाचं जे जे होतं ते ते सगळं. घर असं लखलखलं! सकाळी गाडी येऊन पेटी रिकामी करून गेली, आणि मी उरलेल्या जागेत पणत्या मांडल्या.

काय करून बसले ते कळलं पुढच्या वर्षी, हेमंतच्या व्हिसाचे शेवटचे काही आठवडे राहिले तेव्हा. अर्ज भरायला बसलो, मागणी वाचली: पूर्ण दोन वर्षांत पसरलेली, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली पत्रं, दोघांच्या नावची किंवा दोघांना त्याच पत्त्यावर आलेली. मूळ प्रती. मी ड्रॉवर उघडला. दुसरं वर्ष होतं, पहिलं नव्हतंच. मला तेव्हा सहावा महिना. हेमंतला नुकती चांगली नोकरी लागलेली. मी जमिनीवर बसून सगळे कागद तीनदा पालथे घातले आणि एकदम ती फुटपाथवरची पेटी डोळ्यांसमोर आली. माझ्या हातानं मी माझा नवरा रद्दीत टाकला होता! हेमंत "होईल काहीतरी" म्हणत होता, पण तोही तेच कागद पुन्हा पुन्हा मोजत होता. तो परत गेला तर पुन्हा अर्ज, पुन्हा किती महिने कुणास ठाऊक, आणि बाळ काही तारीख पुढं ढकलणार नव्हतं.

चपला न घालता मी रस्ता ओलांडला. काकांनी दार उघडलं आणि मी तिथंच उंबऱ्यात हमसून हमसून रडायला लागले. दिवाळी, ड्रॉवर, पेटी, सगळं एका श्वासात सांगितलं. मला वाटलं आता कप वाजणार. काका तसेच आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते एक जाडजूड निळी फाइल घेऊन, तिच्या पाठीवर आमच्या घराचा नंबर.

"घे. पहिलं वर्ष. मागं दुसरंही आहे."

मी उघडून बघते तो काय, सगळंच्या सगळं! कौन्सिलचं दुरुस्तीचं पत्र पहिल्या पानावर, मागं त्याचं पाकीट, शिक्क्यासकट. बँक, दवाखाना, विमा, मतदारयादी, हेमंतचं लायब्ररीचं पत्र.

"पण काका, मी तर टाकलं..."

"तू टाकलीस ती फोटोकॉपी. मूळ कागद मी तुला परत दिलाच नव्हता." ते शांतपणे खुर्चीत बसले. "ज्या बाईचा नवरा तेवीस दिवस घरात राहून येत नाही, तिच्या हाती मी मूळ कागद देईन होय? रंगीत फोटोकॉपी काढायला लागल्या तुझ्यापायी. महाग असतात." आणि मग, आता मी रडायची थांबलेय हे बघून, त्यांनी पाऊण तास मला जी काय सुनावली ती सुनावली. ती मी इतक्या आनंदानं ऐकून घेतली की आयुष्यात कुणाची बोलणी तशी गोड लागली नाहीत. अर्ज त्यांच्याच टेबलावर भरला. सही झाली, मग चहा झाला.

हेमंतला कायमचं राहायची परवानगी मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "अर्जासोबतची मूळ पत्रं परत आली का? मोजलीस का?" दोन महिन्यांनी मुलगी झाली. सगळे डोळे कुणासारखे, नाक कुणासारखं बघत होते. काका तिच्या पाळण्यावर वाकून म्हणाले, "बेचाळीस दिवसांच्या आत नोंद करायची हं." आजही तिच्या जन्माच्या दाखल्याची प्रत मिरजेत एका कपाटात आहे. का ते पुढं येईलच.

त्यानंतरच्या मार्चमध्ये काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, वाचायची बंदी, आणि आलेलं टपाल वाचून दाखवायची जबाबदारी माझ्यावर. मी सुरीनं एकेक पाकीट उघडायची, वाचायची, पाठीवर तारीख घालायची. एक दिवस ढिगातून एक खाकी पाकीट हाताला लागलं तर काका घाईघाईनं म्हणाले, "ते राहू दे. ते मी नंतर बघतो." मार्चमध्ये काय येतं हे आता मलाही कळत होतं. आमच्याकडेही त्याच सकाळी कौन्सिल टॅक्सचं नव्या वर्षाचं बिल आलेलं. म्हणून मी सहज पाकिटावरची नावं बघितली. मिस्टर अँड मिसेस. काका आणि काकू.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दोन वर्षांची उधारी फेडायची संधी. "काका!" मी ओरडलेच. "सापडलात! मला तेवीस दिवसांसाठी फाडून खाल्लंत आणि स्वतः कौन्सिलला कळवलं नाहीत? तुम्ही एकटे राहता, पाव भाग सूट तुमची हक्काची, वर्षानुवर्षं पूर्ण बिल भरताय? कुठाय तो फॉर्म? आणा इकडे, मी भरते. आणि सही केल्याशिवाय चहा नाही!"

काका हसले नाहीत. त्यांनी हात पुढं केला, मी पाकीट दिलं. ते त्यांनी मांडीवर ठेवलं आणि नावांवरून अंगठा फिरवला. अक्षर दिसत नव्हतं, तरी बरोबर नावांवरून.

"बाकी सगळ्यांना कळवलंय," ते म्हणाले. "पेन्शनला, बँकेला, दवाखान्याला. त्याच आठवड्यात. जे घ्यायला नको ते एक पैसाही घेतला नाही. हे एकच राहिलं."

मी सुरी खाली ठेवली.

"ती मिरजेला गेली होती, माझ्या बहिणीकडे. सहा आठवड्यांसाठी. मीच तिकीट काढलं, जायचं-यायचं. विमानतळावर म्हणाली, फ्रिजमध्ये आमटी आहे, दोन दिवस पुरवा. तिकडेच गेली गं, झोपेत. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. मग परत आलो आणि हा फॉर्म घेतला. त्यात विचारतात, घर सोडून कधी गेली? आता काय लिहू? ती घर सोडून गेलीच नव्हती. परत यायचं तिकीट होतं तिच्याकडे." मग म्हणाले, "खोटी तारीख मला घालता येत नाही, आणि खरी कुठली ते ठरत नाही. म्हणून पूर्ण भरतो. कुणाचं काही बुडत नाही ना? वर्षातून एकदा एक पाकीट येतं. एक पत्ता, दोन नावं."

मी उठून आत गेले, आलं ठेचलं आणि चहा केला. सहीबिही काही नाही. फोटोला हार का नव्हता तेही मला तेव्हा कळलं. मग मी पाकिटाच्या पाठीवर तारीख घातली आणि न उघडता ते त्यांच्या उशाशी ठेवलं.

दोन हजार नऊ साली काकांनी मिरजेला कायमचं जायचं ठरवलं. गुडघे बोलायला लागले होते आणि बहीण एकटी होती. सगळ्या वॉटफर्डच्या फाइली त्यांनी ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या केल्या, पोच घेऊन. आमची निळी फाइलही आली, फक्त आमच्या मुलीच्या दाखल्याची एक प्रत "माझ्याकडे असू दे" म्हणून ठेवून घेतली. शेवटच्या रविवारी मला बोलावलं. टेबलावर एकच फॉर्म होता, घर सोडत असल्याचं कौन्सिलला कळवायचा. "तू लिही," म्हणाले, "माझी अक्षरं आता रकान्यात मावत नाहीत." मी दोऱ्याला बांधलेलं पेन उचललं.

"घर सोडून जाणाऱ्या व्यक्ती," मी वाचलं.

"दोन."

मी वर बघितलं. ते फोटोकडे बघत होते.

"दोन लिही. माझं नाव, खाली तिचं. मोठ्या अक्षरांत."

मी लिहिलं. पुढं तारीख होती. माझा हात थांबला. तारीख म्हणजे तारीख, ती खरी असते नाहीतर खोटी असते, हे ज्या टेबलावर ऐकलं ते हेच टेबल.

"गुरुवारची घाल," काका म्हणाले. "दोघांचीही. माझ्याबरोबरच निघते ती. आणि पुढचा पत्ता मिरजेचा. तो तर खराच आहे ना?"

मी लिहिलं, काळ्या शाईत. मग त्यांच्या लक्षात आलं की मी त्या दिवशी आल्याआल्याच चहा टाकला होता आणि आमचे कप रिकामे होते. सही अजून व्हायची होती. "नियम मोडलास," म्हणाले, आणि सही केली.

कौन्सिलचं शेवटचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं, कारण मिरजेचं टपाल त्यांना भरवशाचं वाटत नव्हतं. खातं बंद झाल्याचं दोन ओळींचं पत्र. पाकिटावर मिस्टर अँड मिसेस. मी पाठीवर तारीख घातली, फोटोकॉपी काढून आमच्या निळ्या फाइलीत लावली आणि मूळ पत्र रजिस्टर करून मिरजेला पाठवलं. तीन आठवड्यांनी फोन आला. पाठीमागून प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"मिळालं गं. पाकीटसुद्धा पाठवलंस ना, तेच म्हणत होतो, टाकलं तर नसशील."

"नाही काका," मी म्हटलं. "आता मी काही टाकत नाही."